हवाई दल असताना लष्कराची वेगळी हेलिकॉप्टरं कशाला?

प्रश्न : नाशिक रोडला आमच्या घरावरून रोज छोटी हेलिकॉप्टरं घिरट्या घालत असतात. ती हवाई दलाची नाहीत, लष्कराची आहेत, असं शेजारचे निवृत्त सुभेदार सांगतात. हवाई दल असताना लष्कराला हा वेगळा खर्च कशासाठी? आणि पेपरात ‘एव्हिएशन ब्रिगेड’ असं वाचलं, ती काय असते?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : सुभेदारसाहेबांचं बरोबर आहे. तुमच्या घरावरून जातात ते बहुधा शिकाऊ वैमानिक. नाशिकमधल्याच गांधीनगरच्या विमानतळावर लष्कराचं हवाई प्रशिक्षण विद्यालय आहे. कॅप्टन अभिलाषा बराक या लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या, त्या 2022 मध्ये इथूनच.

या सगळ्याचं मूळ तोफखान्यात आहे. तोफ डागणाऱ्याला डोंगरापलीकडचं दिसत नाही. म्हणून दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी तोफखान्याच्या अधिकाऱ्यांनाच ऑस्टर नावाच्या हलक्या विमानात बसवलं. वरून तो अधिकारी वायरलेसवर सांगणार : गोळा दोनशे मीटर उजवीकडे पडला, पुढचा डावीकडे घ्या. विमान आणि देखभाल हवाई दलाची, वैमानिक मात्र तोफखान्याचा, असा तो दोन घरचा पाहुणा होता. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडेही ही ‘एअर ओपी’ (ऑब्झर्व्हेशन पोस्ट, म्हणजे हवेतली टेहळणी चौकी) पथकं चालू राहिली. ऑस्टरनंतर कृषक विमान आलं, पुढे चेतक आणि चीता हेलिकॉप्टरं आली. लष्कराची हवाई शाखा, म्हणजे आर्मी एव्हिएशन कोअर, स्वतंत्र झाली ती 1 नोव्हेंबर 1986 रोजी. तोफखान्याचं स्कूल नाशिकजवळच्या देवळालीत, त्यामुळे नाशिकशी असलेलं हे नातं जुनंच.

आता खर्चाचं. हवाई दलाची नजर साहजिकच साऱ्या आकाशावर असते. टेकडीवरच्या तुकडीला हवं असतं ते तिच्या सेनापतीच्या हुकमावर लगेच उडणारं यंत्र. सियाचीनचं उदाहरण घ्या. तिथल्या उंच चौक्यांवर हवा इतकी विरळ, की चीता एका खेपेत केरोसीनचा एखाद-दुसरा जेरीकॅनच नेऊ शकतो. इंजिन बंद करायची सोय नाही, थंडीत ते पुन्हा चालू होईल याची खात्री कोण देणार? पंखा फिरत असतानाच सामान खाली ढकलायचं, आजारी जवानाला आत घ्यायचं आणि निघायचं. हे काम ज्याची माणसं वर अडकली आहेत त्याच्याच हाताखाली असावं, हे मला पटतं.

ब्रिगेड मात्र आपल्याकडे अलीकडची. अमेरिकेने व्हिएतनाममधल्या आपल्या हेलिकॉप्टर तुकड्या 1966 मध्येच एका एव्हिएशन ब्रिगेडखाली आणल्या. ऐन भरात तिच्याकडे चार हजारांच्या घरात विमानं-हेलिकॉप्टरं होती. आपल्याकडे स्क्वाड्रन वेगवेगळ्या लढाऊ कोअरच्या दिमतीला विखुरलेली असायची. 2021 मध्ये आसामातल्या मिसामारीला ब्रिगेड उभी राहिली. लेह आणि जोधपूरलाही आहेत. एका ब्रिगेडियरच्या हाताखाली टेहळणीची, माणसं-सामान वाहणारी आणि हल्ला करणारी हेलिकॉप्टरं एकत्र येतात : चीता, ध्रुव, ध्रुवचाच सशस्त्र अवतार रुद्र आणि हलकं लढाऊ हेलिकॉप्टर ‘प्रचंड’. दूरनियंत्रित टेहळणी विमानंही त्याच सुमारास तोफखान्याकडून एव्हिएशनकडे आली. त्यामुळे ज्याने शत्रूचा रणगाडा पाहिला आणि ज्याला तो फोडायचा आहे, ते दोघे एकाच साहेबाला उत्तर देतात.

हवाई दलाशी वाद झालाच नाही असं समजू नका. एमआय-25 आणि एमआय-35 ही हल्लेखोर हेलिकॉप्टरं वर्षानुवर्षं उडवायचं हवाई दल, वापराचा हुकूम लष्कराचा! अपाचे ही हल्लेखोर हेलिकॉप्टरं घेतानाही पहिली 22 हवाई दलाकडेच गेली. लष्कराने स्वतःसाठी सहांचा करार 2020 मध्ये केला. त्यातली पहिली तीन जुलै 2025 मध्ये आली, ती जोधपूरच्या स्क्वाड्रनसाठी. आणि ते स्क्वाड्रन त्याआधी वर्षभराहून अधिक काळ हेलिकॉप्टरांविनाच उभं होतं.