सल्ला एकाला, पोट दुसऱ्याचं

'सकाळी चालायला जा, फळं खा, तेल कमी करा.' हा सल्ला ज्याच्याकडे सवड आणि पैसा आहे, त्यालाच पाळता येतो. त्याचं वजन उतरतं. आपल्या तेलंगणातल्या नार्नूरकडची बाई दिवसभर कापूस वेचून येते, तिला मी आणखी किती चालायला सांगू? पोरगं रडलं की पाच रुपयांत चिप्सचा पुडा मिळतो, पाच रुपयांत फळ मिळत नाही. नुसत्या सल्ल्यानं शिकलेला-सवरलेला सुधारतो आणि गरीब आणखी मागे पडतो.

गरिबाला धोका मुळातच जास्त आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं वजनानं कमी, पण अंगात चरबी त्या मानानं जास्त. पोटात असताना ज्याची आबाळ झाली, त्याला पुढे मधुमेह लवकर गाठतो. म्हणून हडकुळ्या माणसानंही टेपनं पोट मोजावं. पुरुषाचं 90 सेंटिमीटर, बाईचं 80 सेंटिमीटर, त्यापुढे गेलं की सावध व्हा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची बीपी आणि साखर सरकारी उपकेंद्रात मोफत तपासतात. आशाताईंना विचारा.

आपल्याकडे ज्वारीची भाकर, अंबाडी, तूर हे रोजचं जेवण होतं. आता रेशनवर माणशी 6 किलो तांदूळ मिळतो, मग ताटात भाताचाच ढीग. यात बाईचा काय दोष? 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्यही आहे, ते मागायला हवं. सप्टेंबर 2025 मध्ये बिस्किटं आणि नमकीनवरचा जीएसटी 5 टक्क्यांवर आला, म्हणजे पुडा आणखी स्वस्त. उलट मेक्सिकोनं 2014 मध्ये गोड पेयांवर कर लावला, तेव्हा खरेदी सर्वांत जास्त घटली ती गरीब घरांत. भावाचा परिणाम साक्षर-निरक्षर बघत नाही.

घरी एवढं करा: ताटात भात निम्मा, त्याच्या जोडीला वरण आणि भाजी भरपूर, जमेल त्या वेळी भाकर. चहातली साखर हळूहळू कमी करा.

आणि गावात एक काम करा. शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकायला अन्नसुरक्षा नियमांनी बंदी आहे. ग्रामसभेत सरपंच आणि हेडमास्तरांना त्याची आठवण करून द्या, आणि आश्रमशाळेच्या ताटात ज्वारी मागा.