आमचं पत्र का छापलं नाही?

वर्तमानपत्राची बहुतेक पाने बातमीदार आणि संपादक लिहितात. पण त्यात एक कोपरा वाचकांचा असतो. 'वाचकांची पत्रे' किंवा 'वाचकांचा पत्रव्यवहार' असे त्याच्यावर लिहिलेले असते. एस. टी. वेळेवर येत नाही, शाळेचे छप्पर गळते, नळाला पाणी नाही, अशी गाऱ्हाणी तिथे येतात. सरकारचे काय चुकले, काय बरोबर, हेही लोक तिथे लिहितात. हा कोपरा तुमचा-आमचा आहे, असे सगळे म्हणतात.

पण तिथेही एक दार आहे, आणि दारावर संपादक बसलेले असतात. कोणते पत्र आत घ्यायचे, कोणते नाही, हे ते ठरवतात. म्हणून पुष्कळदा तक्रार ऐकू येते, "आमचं पत्र छापतच नाहीत. त्यांच्याच माणसांची छापतात." ही तक्रार खरी की खोटी, हे कसे ओळखायचे? या पाठात आपण तेच पाहू.

निवडीत काय आहे?

एक उदाहरण घेऊ. समजा, आपल्या कडावजवळ नदीवर जायची एक जुनी पायवाट आहे. बाया त्या वाटेने धुणे घेऊन जातात. गुरे पाण्यावर जातात. शेजारची जमीन एका शहरातल्या माणसाने फार्महाऊससाठी घेतली. त्याने तारेचे कुंपण घातले. वाट बंद झाली.

या गोष्टीवर वर्तमानपत्राकडे दहा पत्रे गेली. सहा पत्रांत लिहिले होते, 'वाट मोकळी करा.' चार पत्रांत लिहिले होते, 'जमीन त्याची आहे, कुंपण घालायचा त्याला हक्क आहे.' संपादकांनी चार पत्रे छापली. चारही कुंपणाच्या बाजूची!

आता कर्जतच्या, खालापूरच्या वाचकाला काय वाटेल? त्याला वाटेल, कडावचे लोक कुंपणावर खूष आहेत. उद्या तहसील कचेरीत हेच कात्रण कोणी पुढे ठेवील. आणि बायांना लांबच्या वाटेने हंडा-कपडे वाहावे लागतील.

बरं, संपादकांनी खोटे काही छापले का? नाही. प्रत्येक पत्र खरे होते. एक अक्षरही त्यांनी पदरचे घातले नाही. तरी चित्र खोटे उमटले. निवडीत जोर असतो तो असा. धान्य तेच असते. पण सुपातून काय पाखडून टाकायचे ते पाखडणाऱ्याच्या हाती असते.

पण दुसरी बाजूही बघू

पत्र छापले नाही, एवढ्यावरून पक्षपात झाला असे म्हणता येत नाही. कोपरा लहान असतो आणि पत्रे पुष्कळ येतात. एखादे पत्र चार पानांचे असते. एखाद्यावर नाव-पत्ता नसतो. एखाद्यात मुद्दा थोडा आणि शिव्या फार असतात. कोणाची नाहक बदनामी छापली, तर लिहिणाऱ्याबरोबर संपादकालाही कोर्टात उभे राहावे लागते. एखादे पत्र पोचते तोवर गोष्टच शिळी होते. अशी पत्रे बाजूला पडतात. त्यात कोणाचा द्वेष नसतो.

आपल्या मनाचीही एक खोड आहे. 1985 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लेबनॉन देशातल्या हत्याकांडाच्या दूरचित्रवाणीवरील बातम्या त्यांनी दोन गटांना दाखवल्या. एक गट इस्रायलच्या बाजूचा होता, दुसरा अरबांच्या. बातम्या त्याच होत्या. तरी दोन्ही गट म्हणाले, "या बातम्या आमच्या विरुद्ध आहेत." आपल्याकडे म्हणतात ना, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचा तो कारटा! म्हणून राग आला, की आधी वही घ्यावी.

वही काय सांगते?

एका महिन्याचे अंक जमवा. एकाच प्रश्नावरची पत्रे शोधा आणि वहीत पुढील गोष्टी लिहा :

1. या बाजूची किती पत्रे आली? त्या बाजूची किती?
2. कोणते पत्र वर मोठ्या मथळ्याने छापले? कोणते खाली कोपऱ्यात?
3. कोणाचे पत्र कापून लहान केले? कापताना मुख्य मुद्दाच गेला का?
4. शेवटचे उत्तर नेहमी एकाच बाजूला मिळते का?

एवढ्याने मात्र भागत नाही. छापलेली पत्रे आपल्याला दिसतात, न छापलेली दिसत नाहीत. म्हणून गावात, शेजारच्या वाडीत, कशेळ्यात विचारा, "तुम्ही पत्र पाठवलं होतं का?" पाच-सहा जणांनी नाव-पत्त्यासह, सभ्य भाषेत पत्रे पाठवली आणि त्यांतले एकही आले नाही, उलट बाजूची मात्र आली, तर तक्रारीला बळ आहे. नाहीतर तो नुसता संशय समजावा.

पूर्वी काय झाले?

वाचकांच्या पत्रांनी महाराष्ट्रात मोठी कामे केली आहेत. 1848 सालापासून गोपाळ हरी देशमुख यांनी मुंबईच्या 'प्रभाकर' पत्रात 'लोकहितवादी' या नावाने शंभराहून अधिक पत्रे लिहिली. आपल्याच लोकांच्या जुन्या समजुतींवर त्यांनी कडक टीका केली. पुष्कळांना ती झोंबली. पण संपादक भाऊ महाजन यांनी ती छापली.

1885 साली 'टाइम्स ऑफ इंडिया' या इंग्रजी पत्रात बालविवाहाविरुद्ध एक पत्र आले. खाली सही होती, 'एक हिंदू स्त्री'. लिहिणाऱ्या होत्या रखमाबाई. त्यांचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते. पुढे त्या डॉक्टर झाल्या. जिला घरात बोलू देत नव्हते, तिचे म्हणणे या कोपऱ्यातून हजारोंपुढे गेले.

पण दार बंद झाल्याचीही उदाहरणे आहेत. 1920 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' हे पाक्षिक काढले. त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही, असे त्यांच्या चरित्रात नोंदले आहे. हे पत्र नव्हते, जाहिरात होती. पण दार तेच. 'मूकनायक' म्हणजे मुक्यांचा नायक. ज्यांना बोलायला जागा नाही, त्यांच्यासाठी ते पत्र निघाले.

आपल्या जिल्ह्यातही असे घडले. तेव्हा रायगडला कुलाबा जिल्हा म्हणत. अलिबाग तालुक्यात चरी इथे 1933 ते 1939 कुळांनी खोतांविरुद्ध संप केला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते. कुळांची बाजू मांडायला आपले पत्र हवे होते. 1937 साली 'कृषीवल' निघाले.

नियम काय आहे?

वर्तमानपत्रांच्या वागणुकीवर नजर ठेवायला दिल्लीत प्रेस कौन्सिल आहे. ती प्रथम 1966 साली स्थापन झाली. आज ती 1978 च्या कायद्याने चालते. तिने पत्रांविषयी नियम सांगितले आहेत. आलेले प्रत्येक पत्र छापलेच पाहिजे, असे संपादकावर बंधन नाही. निवड करण्याचा त्याला अधिकार आहे. पण वादाच्या विषयावर दोन्ही बाजू नीट याव्यात, एकतर्फी चित्र उभे राहू नये, असा प्रामाणिक प्रयत्न त्याने केला पाहिजे.

अन्याय झाला असे वाटले, तर आधी संपादकांना लिहावे. दाद लागली नाही, तर कौन्सिलकडे जाता येते. कौन्सिल दंड करीत नाही, तुरुंगात टाकत नाही. ती दोष दाखवते आणि समज देते. संपादकाची पत असते. चारचौघांत दोष दाखवला, तर तोही लहान दंड नव्हे.

आपण काय करावे?

पत्र लहान लिहावे. एका पत्रात एकच गोष्ट घ्यावी. तारीख, जागा, काय घडले, काय हवे, हे क्रमाने सांगावे. नाव-पत्ता द्यावा. भीती असेल तर 'नाव छापू नये' असे लिहावे, पण संपादकांना नाव कळवावे. नक्कल जवळ ठेवावी. ज्याला लिहिता येत नाही, त्याचे पत्र लिहून द्यावे, आणि त्याला वाचून दाखवून मगच अंगठा किंवा सही घ्यावी. त्याचे शब्द बदलू नयेत. नाहीतर आपणही दारावर बसलो!

वाचनालयात किंवा ग्रामपंचायतीबाहेर एखादा फळा असतोच. त्यावर गावाचे भिंतपत्र चालवता येईल. आठवड्याला चार पत्रे लावावीत. मात्र त्या दिवशी आपण संपादक होऊ आणि खरी परीक्षा आपलीच होईल. आपल्याला न पटणारे पत्र आले, तर ते आपण फळ्यावर लावू का? जो लावील, त्यालाच दुसऱ्याच्या पक्षपातावर बोट ठेवता येईल.

शब्दांचे अर्थ

पक्षपात – एकाच बाजूला झुकणे
नक्कल – लेखाची दुसरी प्रत
पाक्षिक – पंधरा दिवसांनी निघणारे पत्र
कूळ – दुसऱ्याची जमीन कसणारा

सांगा पाहू

1. प्रत्येक पत्र खरे असूनही चित्र खोटे कसे उमटते?
2. पत्र न छापण्याची तीन रास्त कारणे सांगा.
3. पायवाटेच्या प्रश्नावर दोन पत्रे लिहा. एक वाट मागणाऱ्या बाईचे, दुसरे जमीनमालकाचे. दोन्ही सारख्याच मनापासून लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.