पेट्रोलचा काटा बिघडला, तर मीटर बदलण्याआधी काय तपासावे?

डॅशबोर्डवरचा पेट्रोलचा काटा हलेनासा झाला की गिऱ्हाईक गॅरेजमध्ये येऊन म्हणते, 'मीटर गेला आहे, नवा टाका.' आपले अनेक कारागीर बांधव तेवढ्यावर विश्वास ठेवून मीटर बदलून टाकतात. चार दिवसांनी तीच गाडी तीच तक्रार घेऊन दारात उभी राहते. गिऱ्हाइकाचे पैसे जातात, टॅक्सीवाला असेल तर त्याची दिवसाची रोजी बुडते, आणि कारागिराचे नाव खराब होते ते वेगळेच. पुष्कळदा मीटर धडधाकट असतो आणि दोष टाकीजवळच्या एखाद्या गंजलेल्या अर्थमध्ये सापडतो. तेव्हा पार्ट न बदलता दोष कसा शोधावा, हे आज आपण पाहू.

आधी काटा चालतो कसा, ते समजून घ्यावे. टाकीत एक फ्लोट असतो. पेट्रोलबरोबर तो वर-खाली होतो आणि त्याच्या दांड्याला जोडलेली पत्ती रेझिस्टन्सच्या पट्टीवरून सरकते. करंट चावीतून फ्यूजमध्ये, फ्यूजमधून मीटरमध्ये, तिथून लांब वायरने मागे टाकीपर्यंत आणि पट्टीतून अर्थला जातो. म्हणजे मीटर, वायर, टाकीतले युनिट आणि अर्थ अशी ही साखळी आहे. त्यातली एक कडी सुटली तरी काटा खोटे दाखवतो, आणि बदनाम होतो तो मात्र मीटर.

सर्व गाड्यांचा हिशेब एकसारखा नसतो, ही गोष्ट येथेच लक्षात ठेवावी. जपानी घडणीच्या अनेक गाड्यांत, जुनी मारुतीही त्यातच आली, टाकी भरलेली असताना रेझिस्टन्स कमी आणि रिकामी असताना जास्त असतो. अमेरिकेच्या जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांत नेमके उलटे, म्हणजे रिकाम्या टाकीला शून्य ओहम आणि भरलेल्या टाकीला 90 ओहम. म्हणून एका गाडीचे युनिट 'बसते आहे ना' एवढ्यावरच दुसऱ्या गाडीत घालू नये. जुन्या बाजारातून युनिट आणताना तर दोन्ही टोकांचा रेझिस्टन्स मोजूनच पैसे द्यावेत.

आता तपासणी. येथे आम्ही जुन्या मारुतीसारखी, म्हणजे भरलेल्या टाकीला कमी रेझिस्टन्स असलेली, गाडी धरून चालतो. चावी बंद करून टाकीच्या युनिटचे कपलर काढावे. पुष्कळ गाड्यांत ते मागच्या सीटखाली किंवा डिकीच्या मॅटखाली मिळते. मग चावी चालू करावी. काटा रिकाम्याच्या खुणेवर बसला पाहिजे. चावी पुन्हा बंद करून, गाडीकडून आलेली मीटरची वायर 3 ते 4 वॅटच्या लहान बल्बमधून अर्थला जोडावी आणि चावी चालू करावी. काटा भरलेल्याच्या बाजूला चढला पाहिजे. काही मिस्त्री वायर थेट बॉडीला टेकवून ठेवतात. क्षणभराने काही बिघडणार नाही, पण जास्त वेळ ठेवल्यास मीटरच्या आतली बारीक वाइंडिंग जळू शकते आणि चांगल्या मीटरचा खर्च आपल्याच अंगावर येतो. बल्बला दोन रुपयांची वायर जोडून तो कायम पेटीत ठेवावा.

काटा दोन्ही वेळा बरोबर हलला तर मीटर आणि वायर ठीक आहेत, दोष टाकीकडे आहे. हललाच नाही, तर हीच तपासणी मीटरच्या मागे करावी. तिथे हलतो आणि टाकीपाशी हलत नाही, तर मधली वायर तुटली आहे. तिथेही हलत नसेल तर मीटरपर्यंत करंट येतो की नाही, ते पाहावे. करंट येतो आणि तरीही काटा मेलेला, तेव्हाच मीटर खराब समजावा. कपलर काढूनही काटा भरलेल्यावरच चिकटून राहत असेल, तर वायर मध्येच कुठेतरी बॉडीला लागलेली असण्याचा संभव मोठा. दाराच्या उंबऱ्याची पट्टी, सीटचे बोल्ट, आणि कुणी स्पीकर बसवताना स्क्रू मारला असेल ती जागा, या तीन ठिकाणी आधी नजर टाकावी.

दोष टाकीकडे निघाला तरी लगेच युनिट काढू नये. आधी अर्थ पाहावा. युनिटच्या अर्थला एक जादा वायर जोडून ती बॉडीच्या घासून साफ केलेल्या लोखंडाला लावावी. प्लॅस्टिकच्या टाकीत अर्थची वेगळी वायर कपलरमध्येच असते. ही जोडणी चावी बंद असतानाच करावी. नंतर चावी चालू केल्यावर काटा ताळ्यावर आला तर युनिट निर्दोष आहे. गंजलेला अर्थ म्हणजे वाटेत घुसलेला जादा रेझिस्टन्स. वर सांगितलेल्या मारुतीच्या हिशेबात त्यामुळे काटा कमी दाखवतो. गिऱ्हाईक पंपावर लवकर जाते, एवढेच. उलट्या हिशेबाच्या गाडीत मात्र तो जास्त दाखवतो आणि गाडी घाटात उभी राहते.

युनिट काढायचेच असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, तर जमिनीलगत आणि खड्ड्यात साचते. शेजारच्या गाळ्यात वेल्डिंग किंवा ग्राइंडर चालू असेल तर काम थांबवावे, नाहीतर गाडी उघड्यावर न्यावी. शिकाऊ पोराला टाकीजवळ एकट्याने टेस्ट लॅम्प घेऊन बसवणे हा गुन्हाच समजावा. टाकी रिकामी असली म्हणून ती निर्धोक होत नाही, उलट तिच्यात वाफच भरलेली असते.

बाहेर काढलेल्या युनिटला मीटरची दोन टोके लावून दांडा हळूहळू वर-खाली करावा. आकडा सलग बदलला पाहिजे. मध्येच उडी मारली तर पट्टी तेवढ्या जागी झिजली आहे. फ्लोट कानाजवळ हलवून पाहावा. आत पेट्रोल खळखळत असेल तर तो बुडतो आणि भरलेल्या टाकीलाही रिकामी दाखवतो. टाकी खालून ठोकर लागून चेपली असेल तर दांडा अडकतो किंवा वाकतो, तेव्हा वाहनाखाली जाऊन टाकीचा तळ एकदा पाहावाच. पट्टीवरचे चांदीचे टोक काळे पडणे हाही एक दोष आहे. पेट्रोलमधला गंधक त्याला कारण होतो. 2004 साली अमेरिकेत फ्लोरिडा आणि लुइझियाना भागात गंधकाचा दोष असलेले पेट्रोल विकले गेले आणि पुष्कळ गाड्यांचे काटे बिघडले होते.

पेट्रोलचा आणि इंजिनच्या तापमानाचा, असे दोन्ही काटे एकाच वेळी बिघडले तर टाकीकडे जाण्याची गरज नाही. दोघांचे जे सामाईक आहे ते पाहावे, म्हणजे फ्यूज, मीटरच्या पॅनेलचा अर्थ आणि जुन्या गाड्यांतला व्होल्टेज स्टॅबिलायझर. चावी लावल्यावर ज्यांचा काटा सावकाश चढतो त्या मीटरना अनेक जुन्या गाड्यांत हा स्टॅबिलायझर सुमारे 10 व्होल्ट पुरवतो. त्याचा स्वतःचा अर्थ सुटला की तो बॅटरीचा पूर्ण करंट पुढे सोडतो आणि दोन्ही काटे जास्त दाखवू लागतात. तो ठीक असेल तर टेस्ट लॅम्प लुकलुकतो. डिजिटल मीटरवर आकडा नाचताना दिसला म्हणून तो खराब समजू नये. इंडिकेटर लावल्यावर काटाही त्याच तालावर हलतो, ही तक्रार बहुधा पॅनेलच्या अर्थची असते.

अर्थ डोळ्यांनी पाहून कळत नाही. वरून चमकणारा बोल्ट आतून रंगावर बसलेला असतो. हेडलाइट चालू करावी, मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खिळ्यावर आणि दुसरे संशयित बॉडीवर किंवा इंजिनवर लावावे. शून्याच्या जवळचा आकडा चांगला. 0.2 व्होल्टच्या वर गेला तर तो जोड उघडून घासावा. सेल्फ मारताना इंजिनकडचा आकडा फार वाढला, तर बॅटरी नव्हे, अर्थची पट्टी दोषी आहे. ही एक तपासणी ज्याला नीट जमली, त्याचे निम्मे काम सोपे झाले असे आम्हाला वाटते.

बॅटरीचे आकडे पाठ असावेत. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, 12.2 म्हणजे जेमतेम अर्धी. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 च्या दरम्यान असावे. सेल्फ मारताना 9.6 च्या खाली जाऊ नये. बॅटरी रातोरात उतरत असेल तर निगेटिव्ह वायर सोडून मध्ये मीटर 10 अँपिअरवर लावावा आणि सेल्फ अजिबात मारू नये, नाहीतर मीटरचा फ्यूज जाईल. 50 मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट दिसला तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला आकडा खाली येईल त्या लाइनवर चोर बसला आहे. नव्या गाड्यांत कंप्युटर झोपायला वेळ घेतात, म्हणून अर्धा तास थांबूनच आकडा धरावा.

फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटची चांदी घालण्याची सवय अजून गेलेली नाही. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. तो जाड केला की पुढच्या शॉर्टमध्ये वायरच फ्यूज बनते, आणि ती गालिच्याखाली जळते. जादा दिवे बसवतानाही हाच विचार करावा. 55 वॅटचे दोन दिवे 12 व्होल्टवर 9 अँपिअरपेक्षा जास्त करंट ओढतात. ते डॅशबोर्डच्या स्विचवर न टाकता रिलेवर टाकावेत आणि फ्यूज बॅटरीच्या जवळ द्यावा. गिऱ्हाईक रिलेचे पैसे वाचवा म्हणाले तर काम नाकारलेले बरे.

सीएनजीवर चालणाऱ्या गाडीच्या पेट्रोलच्या काट्याची गोष्ट थोडी निराळी आहे. मालक टाकीत दोन-चार लिटर ठेवून महिनोन्महिने गॅसवर फिरतो. फ्लोट एकाच जागी राहून पट्टी तिथेच झिजते किंवा काळी पडते. ज्या गाड्यांत पंप टाकीच्या आत असतो, तिथे तो पेट्रोलनेच थंड राहतो. थोड्या पेट्रोलवर तो चालत राहिला तर जळण्याचा धोका असतो. अशा मालकाला टाकी किमान पावपर्यंत ठेवायला सांगावे. गॅसचा काटा मात्र वेगळा आहे, तो सिलिंडरमधला दाब दाखवतो. त्याचा फ्लोटशी काही संबंध नाही.

नव्या गाड्यांत टाकीचा आकडा आधी कंप्युटरकडे जातो आणि कंप्युटर सरासरी काढून काटा हलवतो, म्हणून पेट्रोल भरल्यावर काटा उशिराने चढला तर तो दोष नसतो. अशा गाडीत वायर अर्थला टेकवण्याचे जुने प्रयोग करू नयेत. स्कॅनर लावून युनिटचा आकडा वाचावा, आणि स्कॅनर नसेल तर कपलर काढून युनिटचा रेझिस्टन्स मोजावा. तेवढे काम साध्या मल्टिमीटरवर आजही होते.