करारपत्रातील चूक आणि कायदा

शेतजमिनीची खरेदी-विक्री हा शेतकरी कुटुंबाच्या आयुष्यातील फार मोठा व्यवहार होय. तरीही दस्त नीट वाचून न घेता त्यावर सही अथवा अंगठा केला जातो आणि एखाद्या आकड्याची चूक पुढे वर्षानुवर्षे छळते.

समजा, कळंब तालुक्यातील एका शेतकऱ्याने गट क्रमांक ११२ मधील २ एकर जमीन शेजाऱ्यास विकली. पैसे पोचले, ताबाही दिला गेला. खरेदीखतात मात्र ११२ ऐवजी १२१ असा आकडा पडला. अशा वेळी खरे काय मानावयाचे, ठरलेले की लिहिलेले?

लेखी कराराविरुद्ध तोंडी पुरावा सहसा चालत नाही. परंतु चूक दाखविण्यापुरता तो देता येतो. उभय पक्ष राजी असल्यास दुय्यम निबंधकाकडे चूक दुरुस्ती पत्र नोंदविणे हा सोपा मार्ग होय. एक पक्ष अडून बसला, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम २६ अन्वये दस्त दुरुस्तीचा दावा दिवाणी न्यायालयात लावता येतो. मात्र चूक दोन्ही पक्षांची होती किंवा कपट झाले होते, हे सिद्ध करावे लागते. दाव्याची मुदत सामान्यतः ३ वर्षांची असून चूक कळली, किंवा वाजवी दक्षता घेतली असता कळू शकली असती, तेव्हापासून ती मोजतात. दरम्यान त्रयस्थाने प्रामाणिकपणे व मोबदला देऊन हक्क मिळविला असल्यास त्याला बाध येत नाही. म्हणूनच विलंब घातक ठरतो.

चूक लेखात नसून मूळ समजुतीतच असेल, तर भारतीय करार अधिनियम, १८७२ लागू होतो. बैलाचा सौदा ठरला, पण त्यापूर्वीच बैल मेला होता व हे दोघांसही ठाऊक नव्हते, तर कलम २० प्रमाणे तो करार शून्य ठरतो आणि घेतलेला विसार कलम ६५ अन्वये परत करावा लागतो. किमतीचा अंदाज चुकणे ही मात्र अशी चूक नव्हे. देशातील कायद्याविषयीचे अज्ञान (कलम २१) किंवा केवळ एकाच पक्षाची चूक (कलम २२) एवढ्यावरून करार मोडता येत नाही.

सात-बारावरील लेखनप्रमाद निराळा. त्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसील कार्यालयात अर्ज करावा. मात्र सात-बारा दुरुस्त झाला म्हणून खरेदीखत दुरुस्त होत नाही. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले. त्यापूर्वीच्या दस्तातील 'उस्मानाबाद' ही चूक नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

सहीपूर्वी गट क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा, नावे व रक्कम सात-बाराशी ताडून मोठ्याने वाचून घ्यावी. गावातील शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी या कामी अक्षरओळख नसलेल्यांच्या शेजारी बसावे. त्यांचा अर्धा तास एखाद्या कुटुंबाची कोर्टाची पायरी वाचवू शकेल.