कोणत्या कॅलिबरची रायफल घ्यावी? एका छात्राच्या प्रश्नाचे उत्तर



मागच्या हिवाळ्यात आपल्या शाळेची अकरावीची तुकडी चेन्नईच्या सहलीवर आली होती. सेंट थॉमस माउंटवरची ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी पाहून झाल्यावर मुले इरुंगाट्टुकोट्टैला आली. लष्करातून निवृत्त झाल्यावर मी इथल्याच एका कारखान्यात सुरक्षेचे काम पाहतो. शाळेचा माजी विद्यार्थी म्हणून त्यांना कारखाना दाखवायचे काम माझ्याकडे होते. इथे १९९० साली सुरू झालेला मोटार-शर्यतीचा ट्रॅक आहे. कुंपणापाशी उभे राहून आम्ही गाड्यांचा सराव पाहत असताना एका छात्राने विचारले, "सर, आफ्रिकेत माळरानावरची हरणे मारायला लोक जातात, त्यांच्यासाठी सगळ्यात भारी रायफल कोणती?"

बस सुटायची वेळ झाल्यामुळे उत्तर अर्धवट राहिले. ते आता पूर्ण करतो. आधीच सांगतो, आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंद आहे हे योग्यच आहे. तरीही प्रश्न अभ्यासण्यासारखा आहे. कारण शस्त्र निवडताना विचार कसा करावा, हे त्यातून शिकता येते.

कॅलिबर म्हणजे काय?

रायफलच्या नळीच्या आतला व्यास म्हणजे कॅलिबर, म्हणजेच बोर. पॉइंट ३०३ म्हणजे ०.३०३ इंच, साधारण ७.७ मिलिमीटर. '७.६२ बाय ५१' यात पहिला आकडा व्यासाचा आणि दुसरा काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या लांबीचा. '३०-०६' मधला ०६ हा आकडा १९०६ या सालाचा आहे. म्हणजे नावावरून फक्त ओळख पटते, ताकद कळत नाही. तुम्ही एनसीसीत चालवता ती पॉइंट २२ आणि सैन्यातली ५.५६ यांच्या व्यासात केसभर फरक आहे. ताकदीत मात्र दहापटींहून अधिक फरक आहे.

हे गणिताने पाहू. गतिज ऊर्जा म्हणजे अर्धे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग.

पॉइंट २२ : गोळी २.६ ग्रॅम, वेग सेकंदाला ३३० मीटर, ऊर्जा सुमारे १४० ज्यूल.
५.५६ : गोळी ४ ग्रॅम, वेग ९०० मीटर, ऊर्जा सुमारे १६२० ज्यूल.
७.६२ बाय ५१ : गोळी ९.५ ग्रॅम, वेग ८४० मीटर, ऊर्जा सुमारे ३३५० ज्यूल.

जनावराकडून सुरुवात करा

आफ्रिकेतल्या नामिबिया देशात शिकारीला परवानगी आहे, पण तिथे जनावराच्या आकारानुसार ऊर्जेची किमान मर्यादा कायद्याने ठरवली आहे. स्प्रिंगबॉक हे आपल्या काळवीटाच्या अंगलटीचे हरीण. त्याला १३५० ज्यूल. कुडू, ऑरिक्स अशा मोठ्या कुरंगांना २७०० ज्यूल. रानरेडा आणि हत्ती यांना ५४०० ज्यूल. आता वरचे आकडे पुन्हा पाहा. ५.५६ ची गोळी कागदावर स्प्रिंगबॉकला पुरते, कुडूला पुरत नाही. ७.६२ च्या वर्गातली रायफल माळावरच्या बहुतेक सगळ्या हरणांना पुरून उरते. त्याहून मोठी तोफ खांद्यावर घेऊन फिरायचे काहीच कारण नाही.

हे आकडे नळीच्या तोंडाशी मोजलेले आहेत, हे विसरू नका. हवेचा विरोध सुरू झाला की वेग घटतो आणि गोळी खाली येऊ लागते. १०० मीटरवर शून्य केलेली ७.६२ ची गोळी ३०० मीटरवर सुमारे ४० सेंटिमीटर खाली लागते. हरणाच्या हृदय-फुप्फुसांची जागा लहान ताटलीएवढी असते. नेम हृदयावर धरला आणि अंतराचा अंदाज चुकला, तर गोळी पायाला लागेल.

गोळीची जातही पाहा

सैन्याची गोळी पूर्ण धातूच्या आवरणाची असते, म्हणून ती शरीरात फारशी पसरत नाही. लागल्यावर पसरणाऱ्या गोळ्या १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात वर्ज्य ठरवल्या. अशा गोळ्यांना 'दमदम' हे नाव कोलकात्याजवळच्या दमदम कारखान्यावरून पडले. शिकारीत मात्र हा नियम उलटा होतो. तिथे मऊ टोकाची, पसरणारी गोळी वापरतात. आरपार गेलेल्या गोळीने जनावर जखमी होऊन पळते आणि पुढे तडफडून मरते, ते टाळायचे असते. एकच गोळी युद्धात क्रूर आणि शिकारीत दयेची ठरते. म्हणून 'चांगली गोळी कोणती' याचे उत्तर कामाशिवाय देता येत नाही.

शेवटी स्वतःचा खांदा

न्यूटनचा तिसरा नियम तुम्हाला पाठ आहे. गोळी पुढे जाते तशी रायफल मागे येते. दारूच्या वायूचा भाग सोडून देऊन ४ किलोच्या रायफलीचे गणित करू. ५.५६ मध्ये ती सेकंदाला ०.९ मीटर वेगाने मागे येते आणि ७.६२ मध्ये २ मीटर वेगाने. धक्क्याची ऊर्जा काढा. पहिलीत सुमारे १.६ ज्यूल, दुसरीत ८ ज्यूल. गोळीची ऊर्जा दुप्पट झाली, तर धक्का पाचपट झाला!

हा धक्का खांद्यापेक्षा मनाला जास्त लागतो. नवा नेमबाज धक्क्याच्या भीतीने चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो, खांदा आखडतो. नवशिक्या अधिकारी असताना मीही हेच करत होतो. माझ्या उस्तादांनी एक दिवस मला न सांगता मॅगझीनमध्ये रिकामे काडतूस भरले. मी चाप ओढला, गोळी सुटलीच नाही, आणि रायफलचे तोंड मात्र खाली गेलेले सगळ्यांनी पाहिले. उस्ताद म्हणाले, "साहब, राइफल ठीक है, आप डर रहे हैं।" त्यानंतर महिनाभर मी पॉइंट २२ वर सराव केला.

स्कॉटिश शिकारी बेल याने शेकडो हत्ती पॉइंट २७५ रिग्बीने, म्हणजे ७ मिलिमीटरच्या रायफलीने मारले. हत्तीसाठी ही रायफल कुणीच सुचवणार नाही, आणि आज नामिबियाचा कायदा ती चालूही देणार नाही. पण त्याने हत्तीच्या कवटीची रचना अभ्यासली होती आणि गोळी नेमकी कुठे ठेवायची हे त्याला ठाऊक होते. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली रायफलही पॉइंट २७५ रिग्बीच होती. ट्रॅकवर उभे असताना मी त्या छात्राला एवढेच दाखवले होते की, शिकाऊ चालक लहान इंजिनाच्या गाडीवर वळणे शिकतो, मग मोठी गाडी मागतो.

चूक झाली की किंमत कोण देतो?

विदर्भात नीलगाईला रोही म्हणतात. मी कॅप्टन असताना रजेवर मामांच्या गावी गेलो होतो. सकाळी तुरीच्या शेतात रक्ताचा माग दिसला. धुऱ्यापाशी एक मोठा रोही बसलेला होता. दोन रात्रींपूर्वी कुणीतरी ठासणीच्या बंदुकीने त्याच्या पोटात छर्रे घातले होते. त्याला उठता येत नव्हते, पण जीव जात नव्हता. मामांनी वनखात्याला कळवले. माणसे आणि जनावरांचे डॉक्टर येईपर्यंत दुपार झाली आणि तोवर तो गेला. त्याच रोह्यांच्या कळपाने मामांची अर्धी तूर खाल्ली होती. तरी मामा म्हणाले, "पिकाचा राग येते ना बापू, पण असं मरण वैऱ्यालेही येऊ नये."

पिकांच्या नुकसानीचा प्रश्न खराच आहे. बिहारमध्ये केंद्राच्या अधिसूचनेनंतर २०१६ च्या जूनमध्ये मोकामा भागात बाहेरून नेमबाज बोलावून दोनशेहून अधिक नीलगाई मारल्या गेल्या आणि देशभर वाद झाला. त्या वादात कुणाची बाजू घ्यावी, हे तुम्ही मोठे झाल्यावर ठरवा. मात्र जिथे कायद्याने गोळी झाडायची वेळ येते, तिथे ती अपुऱ्या शस्त्राने किंवा अपुऱ्या सरावाने झाडणे हा गुन्हाच समजावा. दोन्हींचे फळ त्या रोह्याने भोगले तेच असते.

सैन्याचा धडा

आपल्या सैन्यानेही हाच प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवला आहे. १९६२ च्या युद्धात जवानांच्या हाती पॉइंट ३०३ होती. नंतर ७.६२ ची एसएलआर आली. पुढे इन्सासबरोबर हलकी ५.५६ आली, कारण जवान तितक्याच वजनात जास्त काडतुसे बाळगू शकतो. २०१९ मध्ये पुन्हा ७.६२ बाय ५१ च्या ७२,४०० रायफलींची मागणी नोंदवली गेली. काम आणि अंतर बदलले की उत्तरही बदलते.

तेव्हा छात्रा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे : आधी लक्ष्य, मग अंतर, मग गोळी आणि शेवटी आपला खांदा. या चारही गोष्टींना पुरेल आणि डोळे न मिटता चालवता येईल, ती रायफल भारी.

स्वाध्याय

१. पॉइंट ३०३ ची गोळी ११.३ ग्रॅमची, वेग सेकंदाला ७४४ मीटर. ऊर्जा काढा. ती कुडूसाठी नामिबियाच्या नियमात बसते का?
२. वरच्या उदाहरणात ७.६२ ची रायफल ४ ऐवजी ५ किलोची असेल, तर धक्क्याची ऊर्जा किती?
३. पुढच्या फायरिंगला मित्राला तुमच्या मॅगझीनमध्ये उस्तादांच्या देखरेखीखाली एक रिकामे काडतूस भरायला सांगा. रायफलचे तोंड हलले का, ते प्रामाणिकपणे वहीत लिहा.

जय हिंद!