चाळिशीतली पदवी, पुढची 17 वर्षं

पोरी, घरदार सांभाळून एक्केचाळिसाव्या वर्षी मुक्त विद्यापीठाची बी.कॉम. झालीस, मामाला फार अभिमान वाटला. नाशिकच्या सातपूरमधल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात माझी सगळी नोकरी झाली, म्हणून चार गोष्टी सांगतो.

पदवीतलं 'मुक्त' लपवू नकोस. गंगापूर धरणाच्या वाटेवरचं यशवंतराव चव्हाण विद्यापीठ 1989 पासून कायद्यानं उभं आहे. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणातली पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, हे यूजीसीनं सप्टेंबर 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. ते पत्रक छापून फायलीत ठेव. कुणी शंका काढली तर वाद न घालता पुढं कर.

एमपीएससीच्या क्लासला फी भरू नकोस. खुल्या प्रवर्गाला ते दार 38 लाच बंद होतं.

बायोडाट्यात काम वर, शिक्षण खाली. नुसतं 'गृहिणी' लिहून मोकळी होऊ नकोस. बचत गटाचं दप्तर इतकी वर्षं तू लिहिलंस. सभासद किती, महिन्याची बचत किती, बँकेचं कर्ज किती घेतलं नि कधी फेडलं, सगळं आकड्यांत मांड. जोडीला टॅली आणि जीएसटीचं रिटर्न शीक, म्हणजे सीएच्या ऑफिसातही विचारता येईल.

अंबड-सातपूरच्या मोठ्या कंपन्यांच्या गेटवरच खेटे घालू नकोस. दिंडोरी-निफाडकडं बघ. तिथल्या निर्यातीच्या द्राक्षाला प्लॉटची नोंदणी लागते, फवारणीची वही लागते, औषधाचे अंश तपासल्याचा अहवाल लागतो; पेटी कुठल्या बागेतली, हे युरोपातल्या गिऱ्हाइकाला दाखवावं लागतं. म्हणजे पॅकहाउसात पेटीइतकंच कागदाचं काम. ते तुझ्या हातचं आहे. पण जानेवारीत माल सुरू झाल्यावर गेलीस तर तुझ्याशी बोलायला कुणाला फुरसत नसेल. ऑक्टोबर छाटणी उरकली की दिवाळीच्या सुमारास जा. एक हंगाम चोख काढ आणि मग बारमाही हिशेबाचं काम माग.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पीएफच्या पेन्शनला किमान 10 वर्षांची सेवा लागते आणि ती 58 व्या वर्षापर्यंत मोजतात. तुझ्याकडं 17 आहेत. अठ्ठेचाळिशीनंतर पीएफ सुरू झाला तर तो हिशेब बसत नाही. म्हणून रोखीनं दोन हजार जास्त देणाऱ्यापेक्षा पीएफ भरणारा मालक धर. ठेकेदारामार्फत लागलीस तर पीएफचा यूएएन नंबर पहिल्याच महिन्यात माग, आणि पैसे खरंच जमा होतात का ते दर महिन्याला पासबुकात बघ. ठेकेदार बदलला तरी नंबर तोच चालू ठेव, नाहीतर सेवेचे तुकडे पडतात. पेन्शनचा अर्ज भरताना मेटाकुटीला आलेली माणसं मी टाइम ऑफिसात फार पाहिली.

नोकरीसाठी कुणी अनामत मागितली तर तिथून ऊठ. आणि पदवीचं मूळ प्रमाणपत्र कुणाकडंच ठेवायला देऊ नकोस. दाखव, झेरॉक्स दे, मूळ कागद पिशवीत परत टाक.