बंद पडलेल्या फ्रिज-कूलरचं काय करायचं?
(या महिन्याचा अभ्यास पाठ : गटाच्या बैठकीत वाचून दाखवावा व शेवटी दिलेल्या प्रश्नांवर चर्चा करावी)



उन्हाळा आला की आपल्या मराठवाड्यात घरोघरी कूलर बाहेर निघतो आणि त्यातले दोन-चार सुरूच होत नाहीत. मग तो ओसरीला पडतो. त्याच्या शेजारी जुना डबा टीव्ही, जळालेला मिक्सर, गॅस गेलेला फ्रिज. फ्रिजमध्ये कुणी कपडे ठेवतं, कुणी धान्य. वस्तू मेली, पण जागा अडवून बसली. काही घरांत तर फ्रिज बंद पडलाय आणि गटाच्या कर्जाचा हप्ता अजून चालू आहे. म्हणून ही वस्तू कमी खर्चात, दोन पैसे हाती येतील अशी आणि कुणाला इजा न होता घराबाहेर कशी काढायची, ते या पाठात पाहू.

१. आधी बघा, वस्तू खरंच मेली का?

पुष्कळदा छोटा भाग बिघडतो आणि आपण पूर्ण वस्तू भंगारात काढतो.

• मिक्सर : जास्त लोड आला की मिक्सर आपोआप बंद होतो. तळाशी लाल बटण असेल तर थोडा वेळ थांबून ते दाबून बघा. मोटर फिरते पण भांडं फिरत नाही, तर बहुतेक कपलर झिजलेला असतो.
• कूलर : पंखा नुसता गुणगुणतो, फिरत नाही, तर कपॅसिटर गेलेला असू शकतो. पंखा चालतो पण पाणी चढत नाही, तर पंप गाळाने तुंबलेला असतो.
• फ्रिज : आतला दिवा लागतो पण थंड होत नाही, तर रिले गेला की गॅस गेला हे मेकॅनिककडून विचारून घ्या. रिले स्वस्तात बदलतो. गॅस गळती किंवा कॉम्प्रेसर गेला तर खर्च मोठा.

तपासण्याआधी पिन काढायची, नुसतं बटण बंद करून भागत नाही. कूलरला हात लावताना तर नक्कीच.

साधा हिशोब असा : दुरुस्तीचा खर्च नव्या वस्तूच्या निम्म्याहून जास्त येत असेल आणि वस्तू दहा वर्षांची झाली असेल, तर तिच्यावर पैसे घालू नका. वस्तू वॉरंटीत असून कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. बिल मात्र जपून ठेवलेलं पाहिजे.

२. विकण्याचे चार रस्ते

पहिला, मेकॅनिक. त्याला कॉम्प्रेसर, मोटर, दरवाजाचं रबर, ट्रे असे सुटे भाग लागतात. म्हणून भंगाराच्या भावापेक्षा तो जास्त देण्याची शक्यता असते. आधी त्यालाच विचारा.

दुसरा, दुकानातला एक्स्चेंज. इथे डोळे उघडे ठेवा. समजा, दुकानदार म्हणाला, "फ्रिज १८,००० चा, जुना दिला तर १,५०० कमी." म्हणजे १६,५०० झाले. पण जुन्याचं नाव न काढता भाव केला तर तोच फ्रिज १७,००० ला मिळत असेल, तर तुमच्या जुन्या फ्रिजचे खरे ५०० च आले. म्हणून आधी नव्याचा भाव पक्का करायचा, मग जुन्याची गोष्ट काढायची. जुना घरातून उचलून नेण्याचं भाडं कुणाचं, तेही तेव्हाच विचारायचं.

तिसरा, भंगारवाला. तो नगावर भाव सांगतो, तुम्ही किलोवर विचारा. लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम, प्लास्टिक यांचे भाव वेगळे असतात आणि तांब्याचा सगळ्यात जास्त. कूलरच्या मोटरीत वाइंडिंग तांब्याचं आहे की ॲल्युमिनियमचं, यावर भाव बदलतो. दोघा-तिघांना विचारा आणि वजन आपल्यासमोर करून घ्या.

चौथा, नोंदणीकृत ई-कचरा केंद्र. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यानुसार फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन, इस्त्री अशा वस्तूंची शेवटची विल्हेवाट नीट लागेल हे बघण्याची जबाबदारी ती बनवणाऱ्या कंपनीवर आहे. कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करून "जुनी वस्तू कुठे जमा करायची" असं विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. कंपनीच बंद पडली असेल तर नोंदणीकृत केंद्राला विचारा. ही केंद्रं कुठे आहेत, ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या छत्रपती संभाजीनगर येथील प्रादेशिक कार्यालयात विचारता येईल.

इन्व्हर्टरची बॅटरी मात्र वेगळी. तिच्यात शिसं असतं, त्याला भाव आहे. नवी घेताना दुकानदार जुनी परत घेतो. आतलं ॲसिड ओतून बॅटरी रिकामी करायची नाही.

३. एकटीचं भाडं आणि सगळ्यांचं भाडं

गावातून एक फ्रिज तालुक्याला न्यायचा तर भाड्यातच भंगाराचे पैसे जातात. इथे ग्रामसंघ कामी येतो. प्रत्येक गटाने यादी द्यायची : कुणाकडे काय आहे, किती जुनं आहे. मग एकाच दिवशी एकच गाडी. समजा, छोटा हत्ती १,२०० रुपयांत ठरला. वाटणी अशी करता येईल :

• फ्रिज २ × २०० = ४००
• कूलर ४ × १०० = ४००
• टीव्ही ४ × ६० = २४०
• मिक्सर, इस्त्री ८ × २० = १६०
• एकूण = १,२००

एकटीला बाराशे पडणारं भाडं दोनशेवर आलं. शिवाय गाडीभर माल असला की भंगारवालाही भाव वाढवून देतो, कारण त्याचीही फेरी वाचते. पावती घ्या, इतिवृत्तात नोंद करा. ज्या ताईचं कर्ज चालू आहे, तिने आलेली रक्कम हप्त्यात भरावी. आणि एक गोष्ट : वस्तू तिच्या कर्जातून आली असेल तर विकायचं की नाही, हे तिला विचारूनच ठरलं पाहिजे. ती शेतात गेली असताना दारावरच्या फेरीवाल्याला दोनशेत फ्रिज देऊन टाकला, असं होता कामा नये.

४. हे चुकूनही करू नका

• वायर जाळून तांबं काढणे. वरच्या प्लास्टिकचा धूर विषारी असतो. तो सगळ्यात आधी जवळ बसलेल्या बाईच्या आणि लेकराच्या छातीत जातो. चार रुपयांच्या तांब्यापायी दवाखाना लागतो.
• जुन्या डबा टीव्हीची काच फोडणे. पिक्चर ट्यूबमध्ये हवा नसते, त्यामुळे फुटताना तुकडे उडतात. त्या काचेत शिसंही असतं.
• फ्रिजची नळी कापून गॅस सोडणे. नव्या बऱ्याच फ्रिजमधला गॅस पेट घेणारा असतो, जवळ चूल असली तर भडका उडेल. खूप जुन्या फ्रिजमधला गॅस वातावरणातल्या ओझोनच्या थराला मारक आहे.
• बंद फ्रिज दारासकट अंगणात ठेवणे. लपाछपी खेळताना लेकरू आत बसलं आणि दार लागलं तर आतून उघडणं अवघड, आणि हवा संपते. वस्तू जाईपर्यंत दार काढून ठेवा किंवा दोरीने घट्ट बांधा.
• ओढ्यात, विहिरीजवळ किंवा उकिरड्यावर टाकणे.

शेवटच्या मुद्द्यासाठी लांब जायला नको. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबाद शहराचा सगळा कचरा वर्षानुवर्षं नारेगावला टाकला जात होता. दुर्गंधी, धूर आणि खराब झालेलं पाणी सोसून कंटाळलेल्या नारेगाव-मांडकी परिसरातल्या गावकऱ्यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि शहरभर कचऱ्याचे ढीग लागले. प्रश्न हायकोर्टापर्यंत गेला. यातून शिकायचं ते एवढंच : आपण वस्तू "बाहेर" टाकतो, पण ते बाहेर म्हणजे कुणाचं तरी गाव, कुणाची तरी विहीर असते. आपल्या गावाच्या ओढ्याचं तसं होऊ द्यायचं की नाही, हे आपल्या हातात आहे.

५. गटात चर्चा करा

१. आपल्या गटातल्या किती घरांत बंद पडलेल्या वस्तू आहेत? यादी करा.
२. त्यातल्या कोणत्या दुरुस्त होतील, कोणत्या नाहीत?
३. दरवाजासकट ठेवलेला बंद फ्रिज कुणाच्या घरी आहे? त्याची व्यवस्था आजच करा.
४. ग्रामसंघाने गाडी कोणत्या महिन्यात ठरवावी? पाऊस सुरू व्हायच्या आधी सोयीचं पडेल का?
५. ग्रामसभेत "ई-कचऱ्यासाठी वर्षातून एकदा गोळा करण्याचा दिवस" असा ठराव मांडायला आपल्यातल्या कोण कोण तयार आहेत?

यादी झाली की पुढच्या बैठकीत लिपिका ताईंनी ती ग्रामसंघाकडे द्यावी. यादीत एकच इस्त्री असली तरी चालेल. गाडी भरायला तीही लागते.